शेवटचं कडवं कापू नका

मंडळी, परवा रविवारी आपल्या गावातल्या मंगल कार्यालयात वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. बातमी मी दिली होती, पण पेपरात तिला दहा ओळी मिळाल्या आणि त्यातल्या चार पाहुण्यांच्या नावांत गेल्या. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

स्टेज नव्हतं, हारतुरे नव्हते. पंगतीची टेबलं तशीच ठेवलेली, लोक चहा-भजी घेत बसलेले. मधल्या मोकळ्या जागेत पेटी, ढोलकी आणि गाणारी एक शिक्षिका. (नाव टाकू नका म्हणाल्या.) दोन गाण्यांच्या मध्ये दादांची गोष्ट सांगायच्या आणि बोलता बोलता टेबलांमधून फिरत गाणं धरायच्या.

गोष्ट तशी ठाऊक असायला हवी. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म 15 ऑगस्ट 1922. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस मोठेपणी मुंबईत बाराखडी शिकला, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं सोडवू लागला आणि 1943 मध्ये पहिलं गाणं केलं. पुढे हजारो गाणी. 'वाटचाल' हा संग्रह 1973 चा. 15 मे 2004 ला गेले, तोवर गावोगाव गात फिरले. (जलसेकार भीमराव कर्डक वेगळे. आडनाव एक, जिल्हा एक, म्हणून लोक हमखास गल्लत करतात.)

पण मला लिहायचंय ते शेवटच्या कडव्याबद्दल. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या गाण्याला मुखपृष्ठ नसतं. म्हणून तुकोबांपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांनी आपलं नाव गाण्याच्या शेवटीच गुंफून ठेवलं. वामनदादाही तेच करायचे. शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की समजायचं, गाणं कुणाचं.

आता रील तीस सेकंदांचं. डीजेवाल्याला धृपद आणि पहिलं कडवं पुरतं, पुढे नुसता बेस. कात्री नेमकी शेवटच्या कडव्यावर पडते आणि त्याच्याबरोबर कवी जातो. मग खाली लिहिलेलं दिसतं, 'गीत : पारंपरिक'. अहो, ज्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं आपल्या गावात अजून हिंडताहेत, ते पारंपरिक कसे? कायद्यानेही नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे दादांच्या गाण्यांवर 2064 अखेरपर्यंत. जयंतीत गाणाऱ्या पोरांना नोटिसा पाठवा असं मी म्हणत नाही. ही गाणी गाण्यासाठीच लिहिली होती. पण नाव लिहायला पैसे पडत नाहीत.

बाईंनी परवा एकही कडवं गाळलं नाही. एका गाण्यात तिसऱ्या कडव्याला मागच्या टेबलावरून आवाज आला, "ताई, शब्द चुकला." सत्तरी ओलांडलेले बाबा होते. बाईंनी ढोलकी थांबवली, म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच म्हणा." बाबा आधी लाजले, मग बसल्या जागी टेबलावर ताल धरून सबंध गाणं म्हटलं. आवाज फाटलेला, दमही पुरत नव्हता, पण शब्द एकेक खणखणीत. 'वामन' आला तेव्हा जयंती मंडळाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक मला हळूच म्हणाला, "सर, हे आपण दरवर्षी वाजवतो. दादांचं आहे होय?"

सगळंच छान होतं असं नाही. दोन गाणी कराओके ट्रॅकवर घेतली, ती पार पडली. लावणी एकच झाली. दादांनी लावण्याही लिहिल्या, प्रेमाची गाणी लिहिली, भाकरीची लिहिली. त्यांना नुसत्या भीमगीतांच्या कप्प्यात ठेवलं की बाकीच्या गावाला न येण्याची सोय होते. दिवाळी पहाटेला पुढच्या रांगेसाठी भांडणारे आपले संगीतप्रेमी परवा मी मोजले. पाच. त्यातले दोघे मध्यंतरात गेले. लग्नसराई होती म्हणे. खुर्च्या भरल्या त्या एकाच वस्तीतल्या माणसांनी, आणि हॉलचं भाडंही त्यांनीच वर्गणी काढून भरलं. नगरपालिकेच्या सांस्कृतिक खर्चात या कार्यक्रमासाठी एक रुपया नव्हता. पुढच्या सभेत हा प्रश्न कुठला तरी नगरसेवक विचारतो का, ते बघायला मी बसणार आहेच.

तोवर एक काम. बऱ्याच घरांत हातानं उतरवलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत, कुठे माळ्यावर, कुठे ट्रंकेत. बाई त्या जुळवून बघणार आहेत, विशेषतः शेवटची पानं. वही कुणाला देऊ नका, फक्त फोटो काढून मला इनबॉक्स करा. शाई पुसट असली तरी चालेल, ते बाबा वाचून सांगतो म्हणालेत.