संहिता, प्रक्षेप आणि एक जुना पिकअप

मराठीत ‘पिकअप’ हा शब्द आधी गाडीचा गुण म्हणून रुळला आणि वाहनाचे नाव म्हणून नंतर. ‘गाडीला पिकअप नाही’ असे आपल्याकडचे मिस्त्री कितीतरी वर्षे म्हणत आले. मागे उघडा हौदा असलेल्या वाहनाला तो शब्द चिकटला तो त्या मानाने अलीकडे. अमेरिकेत पिकअप म्हणजे ट्रकच. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मिशिगनमध्ये दोन महिने राहिलो आणि त्यातला बराच काळ पिकअपचे पिकअप या एकाच विषयाने व्यापला. साहित्याच्या पानावर हेडर आणि मॅनिफोल्ड कशाला, असे वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा. एम. ए. च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना जो प्रश्न आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, तोच तिथे ग्रीसने माखलेल्या हातांनी विचारला जात होता.

ट्रक आमच्या थोरल्या बंधूंचा. १९९४ चा फोर्ड एफ-१५०, त्यांनी १९९८ मध्ये जुना घेतलेला. नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गाद्या, टेबले, एकदा तर अख्खी गणपतीची मखर त्यातून वाहिली गेली. दादा २०२३ मध्ये गेले. ट्रक दारात उभा राहिला आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने आधीच खाल्लेले लोखंड आणखी गंजू लागले. सत्तावीस वर्षांच्या पुतण्याने तो पुन्हा चालू केला, तेव्हा इंजिनाजवळून टकटक असा आवाज येऊ लागला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करणाऱ्या बिडाच्या नळकांड्याला, तडा गेला होता. दुरुस्ती टळण्यासारखी नव्हती. प्रश्न एवढाच होता की जुन्याच्या जागी जुन्यासारखेच बसवावे, की हेडर लावावे आणि हात लागलाच आहे तर कॅमशाफ्टही बदलावा.

हेडर म्हणजे काय, हे आम्ही तिथे शिकलो. (तोवर हेडर आम्हाला प्रबंधाच्या पानाच्या डोक्यावरच ठाऊक होता.) बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचे वायू एका आखूड, ओबडधोबड पोकळीत ढकलले जातात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची पोलादी नळी मिळते आणि त्या नळ्या पुढे जाऊन एकत्र होतात. यातली खरी गंमत ध्वनीची आहे. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी जिथे रुंद होते तिथे पोहोचली की ती उलटून विरळ दाबाची लाट होऊन परत येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. नेमकी त्याच क्षणी ती लाट परतली तर सिलिंडरात रेंगाळलेला धूर ती ओढून घेते आणि ताज्या हवेला आत येण्यास मदत होते. ही गाठ कोणत्या वेगाला पडणार हे नळीच्या लांबीवर ठरते: लांब नळी कमी फेऱ्यांना, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. नळी उगाच जाड घेतली तर वायूची गती मंदावते आणि खालच्या फेऱ्यांची ओढ जाते. ‘इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच’ असे जे सर्रास सांगितले जाते त्यामागे हा अनुभव आहे. निदान मात्र चुकीचे आहे. इंजिनाला गती हवी असते, अडथळा नव्हे.

आता या विशिष्ट इंजिनाकडे येऊ, कारण सगळी चर्चा इथे येऊन वळली. ४.९ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत. घन इंचांत मोजून त्याला तिथे ‘थ्री हंड्रेड’ म्हणतात. १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षे फोर्डने ते बनवले. युपीएसच्या तपकिरी गाड्यांतही ते धावले. कॅमशाफ्ट फिरवायला साखळी नाही की पट्टा नाही, थेट दातेरी चाके. शक्ती सुमारे १५० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम मोटारीइतकी; पण टॉर्क सुमारे २६० पौंड-फूट आणि तोही २००० फेऱ्यांच्या आसपास. ते बैलाच्या जातीचे इंजिन आहे. त्याला घोड्यासारखे दौडवण्यात अर्थ नाही.

त्याचा प्रज्वलनाचा क्रम १-५-३-६-२-४. हा आकड्यांचा क्रम पुतण्याने कागदावर लिहून दाखवला तेव्हा आमच्यापैकी एकीने टेबलावर बोटांनी दादरा धरला. सहा मात्रा, क्रँकच्या दोन फेऱ्यांत. यात १, ३, २ हे पुढचे सिलिंडर आणि ५, ६, ४ हे मागचे: एक पुढचा, एक मागचा, असे आळीपाळीने. १९८७ मध्ये या ट्रकमधल्या इंजिनाला इंधनाचे इंजेक्शन आले तेव्हा फोर्डने एकसंध मॅनिफोल्ड मोडून दोन केले, पुढच्या तिघांचा एक आणि मागच्या तिघांचा एक. त्यामुळे प्रत्येक मॅनिफोल्डमध्ये धुराचे झोत समान अंतराने येतात आणि एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. हेडर जे साधायला जातो त्यातले बरेचसे काम कारखान्याने बिडातच करून ठेवले होते. त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांत एकच अरुंद मॅनिफोल्ड असे. तिथे हेडरला अर्थ आहे, फरक जाणवतो. १९९४ च्या ट्रकला सातशे डॉलर घालून जे मिळणार ते वरच्या फेऱ्यांना, आणि तिथे हे इंजिन मुळी जातच नाही.

कॅमशाफ्टचे दुखणे वेगळे. या ट्रकचा संगणक आत येणारी हवा थेट मोजत नाही. इनटेकमधला दाब, फेऱ्या आणि तापमान यांवरून, पोटातल्या कोष्टकाच्या आधारे, तो तिचा अंदाज बांधतो. कॅम मोठा केला की निर्वात कमी होतो, आणि इंजिनावर भार आला असे समजून संगणक इंधन वाढवतो. मूळ बदलले तरी जुन्याच टीकेवर विसंबून अर्थ लावणाऱ्या भाष्यकारासारखी त्याची गत होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही शेजारच्या एका हौशी गृहस्थांनी दिला. रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणे तिथल्या संघराज्यीय कायद्याने गुन्हा आहे. मिशिगनमध्ये गाड्यांची नियमित धूरतपासणी होत नाही, म्हणून तो कायदा नाहीसा होत नाही. पुतण्याने तो विषय तिथेच संपवला, हे आम्हाला आवडले.

इथवर सारे तांत्रिक. पण पुतण्याचा आग्रह शक्तीसाठी नव्हताच, हे आम्हाला आठवड्याभरात उमगले. त्याला आवाज बदलायचा होता. लहानपणापासून रस्त्याच्या वळणावर तो घरघराट ऐकू आला की टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचे, ही त्याची सवय. “काका, गाडी बाबांची आहे, पण चालवणार मी आहे. प्रत्येक वेळी तेच घरी येतायत असं मला नको वाटतं.” यावर काय बोलणार? आमचा कल, उघडच, मूळ जपण्याकडे होता. साहित्याच्या अध्यापकांना प्रक्षेपाचे भय असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तो प्रसंग आम्ही वर्गात ज्या आदराने सांगतो, तो आदर त्या गॅरेजात आमच्या बोलण्यात उतरला असणार. परंतु मूळ कोणते? कारखान्यातून बाहेर पडलेला ट्रक, की दादांनी पंचवीस वर्षे वापरलेला? हौद्याची लाकडी फळी दादांनी बसवलेली, आरसा भंगारवाड्यातून आणलेला, आणि सायलेन्सर कपड्यांच्या हँगरच्या तारेने बांधलेला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची वेगळी प्रत छापली आणि तिच्या प्राचीनत्वावरून वाद झाले, तेव्हाही अडचण हीच होती: आपण ज्याला मूळ म्हणतो ते बहुधा कोणाच्या तरी हातून आलेले असते.

वहिनी आवाजासाठी हळव्या होतील, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यांना विचारले तर भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “आवाज कसा का येईना. दारात उभी राहून गंजायला नको, एवढंच. त्याला चालवू दे.”

मग जे झाले ते असे. भंगारवाड्यातून त्याच काळातल्या ट्रकचे मॅनिफोल्ड आणले. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट डोक्याच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात, त्यामुळे एक काढायचे तर दुसरेही सोडवावे लागते. तीन दिवस त्यात गेले. दोन बोल्ट गंजून तुटले, ते ड्रिलने पोखरून काढावे लागले. हेडरचे वाचलेले पैसे पुतण्याने कन्व्हर्टरच्या मागच्या पाइपात आणि नव्या सायलेन्सरमध्ये घातले. हा सायलेन्सर त्याने स्वतः, चार ऐकून, निवडला. हँगरची तार त्याने पकडीने कापून कचऱ्यात टाकली. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, तो पुढच्या कामाला लागला होता.

आवाज आता खालच्या पट्टीत गेला आहे. सहा मात्रा त्याच.

राहिला पिकअपचा प्रश्न. मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ३.०८ आहे, ते ३.५५ केले तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरची ओढ सुमारे १५ टक्क्यांनी वाढेल, कोणत्याही हेडरहून अधिक. मात्र हमरस्त्यावर इंजिनाच्या फेऱ्याही तेवढ्याच वाढतील आणि पेट्रोलचा खर्च चढेल. आमच्यापैकी एकाच्या मते ते करावे, दुसरीच्या मते करू नये. पुतण्या म्हणतो, आधी हिवाळा जाऊ द्या.