इनासचा इन्या

आमचा बाप्तिस्मा वसईस झाला, बालपण मात्र धुळ्यास गेले. वडील रेल्वेत होते. चाळीसगावहून निघालेली गाडी धुळ्यास येऊन संपत असे. आमचे बिऱ्हाडही तसेच तेथे येऊन थांबले.

दाखल्यावर आमचे नाव इग्नेशियस. घरी म्हणत इनास. पोर्तुगीज अमदानीत इनासियु हे नाव आपल्या लोकांच्या जिभेवर रुळता रुळता एवढेच उरले. धुळ्याच्या गल्लीतील सवंगड्यांना तेही जड झाले. आठ दिवसांत "कथा चालना रे इन्या?" सुरू झाले.

शाळेत गुरुजींनी नाव विचारले, ऐकले आणि हजेरीपटावर शांतपणे लिहिले : विनायक. आमचेच ऐकण्यात चुकले असावे, असा त्यांचा चेहरा होता. वडील म्हणाले, परमुलखात कशाला वाद? आई मात्र त्या रात्री जेवली नाही. पुढच्या सोमवारी वडील दाखला घेऊन शाळेत गेले आणि तांबड्या शाईने विनायक खोडला गेला. खरे सांगायचे तर आम्हांस विनायक होणे आवडले होते. त्या नावाला कोणी काही विचारीत नव्हते. हे आम्ही आईस कधीच सांगितले नाही.

पुढे कळले की, ज्या धुळ्यात आमचा विनायक खोडला गेला, तेथील तुरुंगात १९३२ साली आणखी एक विनायक होते. दर रविवारी ते बंदिवानांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्यांची आई त्यांना 'विन्या' म्हणे. विनोबा हे नाव त्यांना मिळाले ते ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीवर. विन्या आणि इन्या! एका अक्षराचे अंतर. मराठीत 'या' लावला की नाव धुळीत खेळू लागते, 'बा' लावला की लोक हात जोडतात. दोन्हींत मूळ नाव मात्र अर्धेच उरते.

आमच्या संताचेही असेच. लोयोलाच्या घरी त्याचे नाव होते इनिगो. पॅरिसला शिकत असता त्याने इग्नेशियस हे नाव धरले. लॅटिन जाणणाऱ्यांना त्यात 'इग्निस' म्हणजे अग्नी ऐकू येतो. इनिगो हे नाव बास्क भाषेतले. त्याचा अर्थ 'माझा चिमुकला' असा सांगतात. म्हणजे जगाने अग्नी म्हटले त्यास घरचे चिमुकला म्हणत होते! आणि प्रभूचे नाव तरी काय? 'येहोशुवा', परमेश्वर तारतो, हे लांब इब्री नाव लोकांच्या तोंडी 'येशुवा' झाले. त्याचाच आपला येशू. नाझरेथच्या गल्लीत त्याला सवंगडी हाक मारीत ती या आखूड नावानेच. हे वाचले त्या दिवशी आम्हांस आईची फार आठवण झाली.

निवृत्तीनंतर आम्ही जळगावास राहतो. येथे सर्व आम्हांस 'सर' म्हणतात, चर्चमध्ये 'अंकल'. इनास म्हणणारे आता कोणी उरले नाही. इन्या म्हणणारा एकच, धुळ्याचा, ऐंशीच्या घरातला. त्याचा फोन आला की घरात दुसऱ्या कोणास आम्ही तो उचलू देत नाही.