न झालेला भूगोल

आमची दहावीची तुकडी २०२० ची. निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, बाईंचे डोळे भरून आले. पण शाळा सुटली असं काही वाटेना. ते वाटायचं होतं २३ मार्चला, भूगोलाच्या पेपरानंतर. शर्टांवर सह्या, मग पंचवटीत मिसळ, असा बेत होता. करोनामुळे पेपर पुढे ढकलला, एप्रिलमध्ये रद्दच झाला. गुण मिळाले इतर विषयांच्या सरासरीने. नकाशात गोदावरी उलटी वाहवणाऱ्यांचंही (तेही नाशिकचे असून!) भलं झालं.

धडे विसरलो, मधल्या सुट्टीत पळवलेले डबे लख्ख आठवतात. आता कुणी पुण्यात, कुणी सातपूरच्या कारखान्यात. मित्रांनो, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे दाखवू नका. भेटायची तारीख ठरवा.