कासवाचा उपास

घरात कोणी जेवेनासं झालं की आपल्या बायकांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. यजमान डबा तसाच परत घेऊन आले, मुलाने ताटात भाजी टाकली, की आपण आधी स्वतःच्या हाताची चव तपासतो आणि मग समोरच्याच्या कपाळाला हात लावतो. माणूस असला तर तोंडाने चार शब्द तरी सांगतो. पण जेवेनासा झालेला जीव कासव असेल तर? कपाळाला हात लावायला जावं, तर तो कपाळच आत ओढून घेतो!

हे कासव आमचं नव्हे, माझ्या भाच्याचं. त्याच्या वडिलांची पुण्याहून बंगळूरला बदली झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत कासव आमच्याकडे देवळाली प्रवरेला मुक्कामाला आलं. बशीएवढं, हिरवट पाठीचं, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाच्या बोटासारखा तांबडा पट्टा. दुकानदार त्याला ‘रेड इअर्ड स्लायडर’ म्हणतात. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. आमच्या धाकट्याने त्याचं नाव धोंडोपंत ठेवून त्याला पक्का नगरी करून टाकला.

पहिले काही दिवस धोंडोपंत झकास जेवत. गाजराचा कीस टाकला की मान लांब करून धावत. मग मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे चहूबाजूंनी उसाचे फड, कालव्याचं पाणी आणि वर मोकळं आभाळ. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे अशी थंडी पडते की नळाखाली हात धरवत नाही. त्याच आठवड्यात धोंडोपंतांनी अन्न सोडलं. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. टबाच्या तळाशी दगडासारखे बसून राहायचे. धाकटा शाळेतून आला की दप्तर न काढता आधी टबापाशी, आणि प्रश्न एकच, “आई, खाल्लं का गं त्यानं?”

मग सल्ल्यांना काय तोटा! शेजारच्या काकू म्हणाल्या, पेढ्याचा तुकडा टाकून बघा. कोणी दूधभात सांगितला, कोणी ओव्याचं पाणी. एकीने तर मीठमोहरी घेऊन दृष्टच काढली. आमचे हे म्हणाले, “दुसऱ्याची ठेव आहे, काही झालं तर पोराला काय तोंड दाखवायचं?” माझ्या मनातही तेच घोळत होतं.

सासूबाई मात्र ओसरीवर शाल पांघरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, गारठलंय ते. मला थंडीनं घास जात नाही, त्याला कसा जाईल?”

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते, पण विज्ञानाशी संबंध दहावीनंतर उरला नाही. तरी सासूबाईंचं बोलणं मनात राहिलं. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते मोकळेपणाने हसून म्हणाले, “ताई, गाय, म्हैस, शेळी सांगा, कासव माझ्या हातचं नाही.” पण त्यांनीच पुण्याच्या एका डॉक्टरांचा फोन नंबर मिळवून दिला. त्या बाईंनी कासव काय खातं हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती गरम आहे? ऊन मिळतं का? डोळे सुजलेत का? नाकातून बुडबुडे येतात का? पोहताना एका अंगाला कलतं का? वजन किती?

यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं शोधायला तापमापी हवा होता. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मागून आणला. सकाळी सात वाजता टबातलं पाणी भरलं १६ अंश. या जातीच्या कासवाला पाणी साधारण २४ ते २८ अंश लागतं. ते विशीच्या खाली गेलं की त्याची भूक मंदावत जाते.

त्याचं कारण ऐकलं आणि मला आपला जुना शब्द आठवला, जठराग्नी. आपला अग्नी आपल्या अंगातच पेटलेला असतो, बाहेर थंडी असो की ऊन. कासव, पाल, सरडा, साप यांचं तसं नाही. त्यांची ऊब बाहेरून येते, उन्हातून, तापलेल्या दगडातून, कोमट पाण्यातून. ती मिळाली तरच पोटातलं अन्न पचतं. नाही मिळाली तर खाल्लेलं तसंच पडून राहतं, कुजण्याचीही भीती असते. म्हणून अंग गार पडलं की ते खाणं सोडतात. कडाक्याच्या थंडीत ट्यूबलाइटपाशी पाली दिसेनाशा होतात, त्यामागेही हेच. चूल पेटलेली नसताना वर पातेलं चढवून काय उपयोग!

मी विचारलं, “मिसिसिपीकडे तर बर्फ पडतं म्हणतात, मग तिथे ती कशी जगतात?” तर तिथली कासवं हिवाळाभर तळाच्या गाळात सुस्त पडून राहतात. त्याआधी उन्हाळ्यात खाऊन अंगात साठा केलेला असतो आणि थंडीही एकसारखी असते. आपल्याकडे दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे हुडहुडी भरते. अशात ते धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही, आणि अंगातला साठा मात्र झिजत जातो. घरच्या कासवाला असं अधांतरी ठेवू नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मग आमची तयारी सुरू झाली. टब काढला आणि माशांची जुनी काचेची पेटी आणली. तिच्यात माशांच्या पाण्यासाठी मिळतो तो हीटर बसवला. मैत्रिणींनो, कोणाला करायचं असेल तर लक्षात ठेवा, हीटर पूर्ण पाण्यात बुडालेला हवा, प्लास्टिकच्या टबाला टेकता कामा नये आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद केलेलंच बरं. पाणी एकदम कढत ओतायचं नाही, हळूहळू तापवत न्यायचं. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून पेटीभोवती जुनी गोधडी गुंडाळून ठेवली.

कासवाला पाण्याबाहेर येऊन अंग सुकवायला जागाही लागते. तिरकी वीट ठेवली आणि वर दिवा हवा होता. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुना पिवळा बल्ब दुकानात मिळेना. शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या बाईंकडे मिळाला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. “पिल्लांना ऊब कमी पडली की ती पण खाद्य सोडून एकमेकांवर चढतात,” असं म्हणून त्यांनी होल्डरसकट बल्ब हातात दिला.

दुपारी तासभर खरं ऊनही हवं. त्या उन्हाने अंगात जीवनसत्त्व ‘ड’ तयार होतं आणि मग कॅल्शियम पाठीत मुरतं, नाहीतर पाठ मऊ पडते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी चालत नाही, कारण कामाचे किरण काचेत अडतात. आणि काचेची पेटीच उन्हात ठेवली तर आतलं पाणी तापून जीव जायचा. म्हणून उघडा टब, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत, आणि राखायला कोणीतरी, कारण मांजर आणि कावळे टपलेलेच.

राखायचं काम सासूबाईंनी घेतलं. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं आहे. डॉक्टरी तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. संध्याकाळी “भूक नाही गं” म्हणून अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायच्या. आता रोज दुपारी अंगणात खुर्ची टाकून त्या धोंडोपंतांपाशी बसू लागल्या. ऊन सरकेल तशी मी खुर्ची सरकवायची आणि टबही. शाळा लवकर सुटली की मीही वह्या घेऊन तिथेच बसे.

एक दिवस त्या म्हणाल्या, “कासवीण पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते म्हणतात. तू आपली बघत बस त्याच्याकडं.” हा दाखला आपल्या संतांनी किती वेळा दिला आहे, वर्गात मी तो मुलांना समजावून सांगते. खरी कासवीण अंडी मातीत पुरते आणि पुन्हा मागे वळून पाहत नाही, हेही आता मला माहीत आहे. तरी सासूबाईंचं म्हणणं मी ऐकलं. शंभरपानी वही केली. रोज पाण्याचं तापमान, डोळे उघडे की मिटलेले, पोहणं सरळ की कलतं, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या नव्हे, खास आणलेल्या वेगळ्या काट्यावर वजन. पहिल्या रविवारी ४१२ ग्रॅम, दुसऱ्या ३९८, तिसऱ्या ३९६. उतरण थांबत आली होती. डोळे स्वच्छ होते, नाकाला बुडबुडा नव्हता. यातलं काही बिघडलं तर वाट न पाहता पुण्याला घेऊन या, मनाने औषध किंवा जीवनसत्त्वाचे थेंब देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंचं सांगणं होतं.

पाणी २६ अंशांवर स्थिर झालं त्याच्या नवव्या दिवशी सासूबाईंनी अंगणातून हाक मारली. धोंडोपंतांनी भिजवलेल्या खाद्याचा एक दाणा तोंडात घेतला होता! धाकट्याने असा आरडाओरडा केला की ते पुन्हा आत गेले. पण दुसऱ्या दिवशी चार दाणे आणि त्यानंतर लाल भोपळ्याचा कीस. पुढच्या रविवारी वजन ४०५.

आता अन्नाचंही वेळापत्रक आहे. मुख्य खाद्य कासवांसाठीचं तयार मिळतं ते. दुकानात मिळणारी नुसती वाळकी कोळंबी म्हणजे पूर्ण जेवण नव्हे. गाजर, भोपळा यांतून जीवनसत्त्व ‘अ’ मिळतं, ते कमी पडलं तर डोळे सुजतात आणि अन्न दिसतच नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवते. पालक रोज देत नाही, तो कॅल्शियम अडवतो. पेटी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाही आणि हात लावल्यावर साबणाने धुतल्याशिवाय सुटका नाही. या कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली.

उपासाच्या त्या दिवसांत एक सल्ला मात्र वारंवार मिळाला, “सोडून द्या की प्रवरेत, पुण्य लागेल.” मला ते पटलं नाही. आमच्या गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीची आपली स्वतःची कासवं आहेत. त्यांच्या घरात हा परका खादाड पाहुणा सोडला तर तो त्यांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतो. याच भीतीने युरोपीय देशांनी १९९७ मध्ये या जातीची आयात बंद केली. आणि उलट नदीतलं, शेतातलं आपलं कासव घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते कितीही ‘लक्ष्मी’ आणणारं असो. परदेशी जातींपैकीही काहींची नोंद २०२४ पासून करावी लागते. घेण्याआधी वनखात्यात विचारलेलं बरं.

भाच्याचा परवा फोन आला. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही, धोंडोपंत तुमच्याकडेच राहू देत का, म्हणून. अशी कासवं नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगतात. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी धाकट्याकडे, आणि धाकट्याने उठून वही आणली. आता वजन तोच लिहितो. सासूबाईंची खुर्ची उन्हाळ्यामुळे लिंबाच्या सावलीत गेली आहे. परवा संध्याकाळी त्यांनी ताटात दुसरी अर्धी भाकरी मागून घेतली. मी ती वाढली आणि त्यावर काही बोलले नाही.