सरकता पाट

घरातला पुरुषमाणूस निवृत्त झाला की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. कुणी बागेच्या मागे लागतं, कुणी स्वयंपाकघरात शिरून आपले डबे नव्यानं लावून देतं. आमच्या ह्यांनी लाकूडकाम काढलं. मिरजेच्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. एका रविवारी तिथली अडगळ अंगणात आली आणि तिच्या जागी टेबलावर बसवलेली गोल करवत आली. टेबल सॉ म्हणतात तिला. खाली मोटर आणि टेबलाच्या चिरेतून वर आलेलं दहा इंची दातेरी पातं. बटण दाबलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायची सोय नाही.

खोटं कशाला बोलू, मसाल्याच्या बरण्यांचं फडताळ झालं तेव्हा मलाही आनंद झाला. पण मशीन सुरू झालं की मी ओट्याशी तशीच उभी राहायची, आवाज बंद होईपर्यंत. त्याला कारण आहे.

माझं माहेर बल्लारशाचं. सागवानासाठी नाव असलेलं गाव. बाबा तिथल्या एका लाकडाच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं करवतीत गेली होती आणि मधल्या बोटाचं एक. मला त्यांचा हात तसाच आठवतो, त्यामुळे लहानपणी त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते माझ्या लग्नात. कन्यादानाच्या वेळी बाबांच्या ओंजळीत पाणी घातलं, ते आमच्या हातांवर पडायच्या आधीच त्या रिकाम्या जागेतून भलतीकडे गळून गेलं. गुरुजींनी काही न बोलता आणखी एक पळी घातली. आईनं मान वर केली नाही. "सांभाळून करा हो," असं ती रोज डबा देताना म्हणायची. अपघात झाला त्या दिवशीही म्हणाली होती.

मीही ह्यांना तेच म्हणत होते की!

गेल्या श्रावणात ह्यांच्या पोटावर पुरीएवढा काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणे, "दाराची कडी लागली." आता कडी पोटाला कशी लागेल? मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. जमिनीवर वीतभर लांबीचा तुकडा पडला होता, एक कोपरा करवतीनं खाल्लेला. गिरणीवाल्याच्या लेकीला आणखी काय सांगायला हवं?

झालं होतं असं. बारक्या पट्टीचे आडवे तुकडे करताना ह्यांनी ती मशीनच्या बाजूच्या आधारपट्टीला टेकवून हातानं पुढे ढकलली. कापलेला तुकडा पातं आणि आधारपट्टी यांच्यामध्ये अडकला, जरा तिरका झाला, आणि पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दात्यांनी त्याला उचलून माणसाच्या अंगावर फेकला. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. शिवाय हात लाकडाला रेटत असतो. लाकूड एकदम गेलं की हात कुठे जाणार? आपण खोबरं खवतो तेव्हा वाटी झिजत आली की बोटं दात्यांपाशी येतात, म्हणून शेवटचं खोबरं आपण सोडून देतो. करवतीपुढे मात्र बारका तुकडाच कापायचा असतो.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर सुतारमामा आहेत. त्यांना मी चहाला बोलावलं. ते म्हणाले, "ताई, लाकूड हातानं ढकलायचंच नाही. लाकूड पाटावर बसवायचं आणि पाट ढकलायचा." इंग्रजीत त्याला स्लेड म्हणतात, म्हणजे बर्फावरची घसरगाडी. मला पाटच बरा वाटला, कारण तो असतोही पाटासारखाच: वर सपाट फळी, खाली दोन पट्ट्या. फक्त या पट्ट्या मशीनच्या टेबलात ज्या दोन खाचा असतात त्यांत बसून सरकतात, आणि पाटाला पुढे-मागे दोन भिंती असतात.

"एवढ्यासाठी प्लायवुड वाया घालवायचं?" हे म्हणाले. मी म्हटलं, "मग मी करते."

आणि केलं. तुम्ही हसाल, पण सांगायची तर एक गंमत आहे. गोल करवतीचा उल्लेख इंग्लंडात सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ सालच्या पेटंटातच आला होता. पण अमेरिकेत शेकर पंथातली टॅबिथा बॅबिट नावाची एक बाई होती. दोन पुरुष लांब करवत ओढताना अर्धी मेहनत फुकट जाते हे पाहून १८१०च्या सुमारास तिनं आपल्या चरख्याला गोल पातं लावलं, असं तिकडे सांगतात. खरंखोटं त्यांना माहीत. मला तेवढ्यानं धीर आला.

फळी घेतली अठरा मि.मी. प्लायची, दोन फूट बाय दीड फूट. आमच्या मशीनच्या खाचा पाऊण इंच रुंद आणि तीन सूत खोल. अडीच सूत जाडीच्या सुक्या सागवानी पट्ट्या पॉलिशपेपरनं घासत बसले; खाचेत न अडकता सरकल्या पाहिजेत, पण डावीउजवीकडे जरासुद्धा हलता कामा नयेत. मग पातं टेबलाखाली उतरवून, खाचांत दोन-दोन नाणी रचून त्यांवर पट्ट्या ठेवल्या, म्हणजे त्या टेबलाच्या किंचित वर आल्या. वरून फेव्हिकॉल, त्यावर फळी, आणि फळीवर माझा पाटा-वरवंटा रात्रभर. सकाळी पट्ट्यांना आधी भोकं पाडून मगच स्क्रू मारले, नाहीतर लाकूड फाटतं. खाली मेणबत्ती घासली.

पलीकडची भिंत नुसती पाट जोडून ठेवते. आपल्या बाजूची भिंत मात्र पात्याशी काटकोनात हवी. लाकूड तिलाच टेकतं. गुण्या लावून ती बसवली, एक टोक स्क्रूनं पक्कं केलं, दुसरं शिकंज्यात धरलं. मग मामांची परीक्षा. फूटभर चौकोनी तुकडा घ्यायचा, एकेक बाजू कापायची, नुकतीच कापलेली बाजू दर वेळी भिंतीला टेकवायची. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची बोटभर पट्टी कापायची आणि तिची दोन टोकं मोजायची. चूक असेल ती चौपट होऊन दिसते. आमच्या पट्टीत दोन मि.मी.चा फरक आला, म्हणजे फुटाला अर्धा मि.मी. हे म्हणाले, "पुष्कळ झालं." मी ब्लाऊज शिवते हो, अर्धा मि.मी. कुठे जाऊन बाहेर पडतो ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेला फरक कागदाएवढा उरला, तेव्हा दुसरा स्क्रू मारला.

राहिली एक जागा. पाट पुढे ढकलला की पातं शेवटी आपल्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतं, आणि नेमका तिथेच अंगठा ठेवायचा मोह होतो. तिथे मी चांगला मुठीएवढा ठोकळा चिकटवला आणि वृंदावनाचा उरलेला लाल रंग त्याला फासला. पातं ठोकळ्यातून पार जाऊ नये म्हणून टेबलाला अडणीही लावून घेतली. मशीनचं झाकण पाटाबरोबर बसत नाही, म्हणून दोन्ही भिंतींवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी. लांब फळी उभी चिरायला हा पाट चालत नाही. तिथे हाताऐवजी ढकलकाठी. आणि पाटावर कापताना ती बाजूची आधारपट्टी दूर सारायची. तुकडा पुन्हा अडकायला नको.

स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली अशी युक्ती शोधली, की बोट लागताच करवत काही मिलिसेकंदांत थांबते. आमच्या मशीनला तसलं काही नाही. आमचा आपला लाल ठोकळा.

आठवडाभर हे पाटाला हात लावीनात. मग एके दिवशी आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी डोकावले. दोन्ही हात भिंतीच्या दोन कडांना धरून हे पाट सरकवत होते आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. पावसाळ्यानंतर पाट जरा वाकतो, परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, तीही आता हेच घेतात.

यंदा गणपतीच्या मखराच्या पट्ट्या मी कापल्या. पदर खोचला, केस बांधले, चष्मा लावला. बटणाकडे हात नेला तशी मागून हाक आली, "अगं, बांगड्या!"

त्या काढून खिडकीत ठेवल्या.