रिव्हॉल्वरच्या पोटांतलें कुलूप

आमच्या मुलाचें बिऱ्हाड अमेरिकेंत मेरीलंड राज्यांत आहे. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें चार महिने राहिलों. शेजारीं सत्तरी उलटलेले एक अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांचा नातू व आमचा नातू दोघेही सहा वर्षांचे. दिवसभर या घरांतून त्या घरांत त्यांची धांवपळ चाललेली. एके दिवशीं सूनबाईंनीं सहज सांगितलें कीं, त्या घरीं तीन रिव्हॉल्वर आहेत. वाचकांपासून कशाला लपवावें? त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

दुसरे दिवशीं धीर करून आम्ही विषय काढला. गृहस्थ रागावले नाहींत. आपलें नवें रिव्हॉल्वर आणून, तें रिकामें असल्याची आमच्याकडून खात्री करवून, त्यांनीं तें पुढें ठेवलें. डाव्या अंगास एक बारीक भोंक होतें. त्यांत लहानशी किल्ली फिरविली कीं घोडा आंतून अडतो. मग चाप कितीही ओढा, बार उडत नाहीं.

"किती सोयीचें!" आम्ही म्हणालों.

"मला तें मुळींच पसंत नाहीं," ते म्हणाले.

त्यांचें म्हणणें असें. चाप ओढला कीं बार, या साधेपणासाठींच लोक रिव्हॉल्वर घेतात. त्यांत एक तुकडा वाढला कीं बिघडावयास एक जागा वाढली. हलक्या धातूचें रिव्हॉल्वर आणि जबर काडतूस असलें म्हणजे धक्क्यानें कुलूप आपोआप लागतें, अशा कहाण्या त्यांच्या मंडळींत फिरतात. स्वतःच्या हातीं तसें कधीं झालें नाहीं, हें मात्र त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें.

या नावडीस राजकारणाचाही वास आहे. मार्च २००० मध्यें स्मिथ अँड वेसन कंपनीनें अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारशीं करार करून असें कुलूप बसविण्याचें मान्य केलें. गिऱ्हाइकें बिथरलीं, बहिष्कार पडला. आणि १९८७ सालीं ११ कोटींहून अधिक डॉलरांस घेतलेली ती कंपनी तिच्या इंग्रज मालकांनीं २००१ सालीं दीड कोटीस विकली. घेणारी कंपनी कुलपें करणारी! मेरीलंडांत तर २००३ पासून अंगभूत कुलपावांचून नव्या बनावटीचें पिस्तूल वा रिव्हॉल्वर दुकानदारास विकतांच येत नाहीं. गृहस्थांस हें सारें आपल्या शहाणपणावरील अविश्वासासारखें वाटतें.

गंमत अशी कीं, त्याच कंपनीच्या १८८७ सालच्या रिव्हॉल्वरची त्यांनीं तोंड भरून स्तुति केली. त्याच्या मुठीच्या पाठीमागें एक पट्टी असे. ती दाबून धरल्यावांचून चाप चालत नसे. मोठ्या माणसाची मूठ ती आपोआप दाबी, मुलाच्या चिमुकल्या हातास दोन्ही एकदम साधणें कठीण. म्हणजे त्यांचा राग सुरक्षिततेवर नव्हे, किल्लीवर होता!

आम्हांस आमचें कोंकणांतलें घर आठवलें. रानडुकरांसाठीं परवान्याची बंदूक माजघरांत खुंटीला असे, काडतुसें आजीच्या फडताळांत आणि किल्ली तिच्या कनवटीला. डुक्कर आलें कीं आजोबांनीं आधीं आजीस उठवावें, तिनें देवाचें नांव घेत किल्ली शोधावी, तोंवर रताळीं फस्त! आजोबा जन्मभर कुरकुरले. पण आम्हां नऊ नातवंडांपैकीं एकाच्याही हातीं काडतूस कधीं लागलें नाहीं.

हें ऐकून गृहस्थ खूप हंसले. आपलीं दोन रिव्हॉल्वर लोखंडी कपाटांत असतात, असें ते म्हणाले. "आणि तिसरें?" आम्हीं विचारलें. त्यांनीं निजावयाच्या खोलीकडे बोट केलें. तें उशाच्या खणांत होतें, भरलेलें.

"चोर रात्रीं येईल तेव्हां येईल," आम्ही म्हणालों, "आपले नातू रोज दुपारीं येतात."

ते कांहीं बोलले नाहींत. आम्हीं नातवास कांहीं दिवस घरींच खेळविलें. पुढच्या आठवड्यांत उशाशीं ठेवावयाची एक पोलादी पेटी आली, ती दाखविण्यास त्यांनीं मुद्दाम बोलाविलें. आंकड्यांचीं बटणें दाबून ती उघडावयास त्यांना चार सेकंद लागले, आणि ते चार सेकंद त्यांना अजून सलतात. रिव्हॉल्वरच्या पोटांतलें कुलूप मात्र त्यांनीं आजवर एकदांही लावलेलें नाहीं.