न्यायाची तहान

गुन्हेकथांना आपल्या घरांत फारसा मान नाही. खून, रक्त, पोलीस... मुलींच्या हाती असली पुस्तके कशाला, असे वडीलधारे म्हणतात. माझ्या सासूबाईंचेही तेच म्हणणे. तरीही नॉर्वेच्या लेखिका आन्ने होल्ट यांची एक कादंबरी इंग्रजीतून वाचल्यापासून मला वाटते, वयात आलेल्या मुलींच्या आयांनी तरी ती वाचावी.

होल्ट यांनी ऑस्लोच्या पोलीस खात्यात काम केले, वकिली केली आणि 1996-97 मध्ये काही महिने त्या देशाच्या न्यायमंत्रीही होत्या. त्यांच्या कादंबऱ्यांत तपास करते हान्ने विल्हेल्मसेन ही महिला अधिकारी. 1994 साली आलेल्या दुसऱ्या कादंबरीचे नाव, न्यायासाठी तहानलेल्यांना धन्य म्हणणाऱ्या इंजीलमधील वचनावरून घेतले आहे. डॉक्टरकीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीवर अत्याचार होतो. पोलिसांकडे प्रकरणांचा ढीग, तपास रेंगाळतो. मुलगी आणि तिचे वडील, दोघेही एकमेकांना न सांगता, गुन्हेगाराला स्वतःच गाठायचे ठरवतात. हान्ने मात्र एकेक धागा जुळवत राहते. त्यातून तिला कळते की परदेशातून आश्रयाला आलेल्या काही बायका नाहीशा झाल्या आहेत आणि कुणाच्या ते लक्षातही आलेले नाही.

वाचताना आपल्या जिल्ह्यातले हिंगणघाट आठवत होते. 3 फेब्रुवारी 2020 रोजी कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले गेले. 10 तारखेला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. लोक रस्त्यावर आले. आरोपीला तिथल्या तिथे संपवा, अशी भाषा आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या तोंडीही होती. मुलीची आई म्हणून मला तो संताप कळत होता.

तपास पुलगावच्या पोलीस अधिकारी तृप्ती जाधव यांच्याकडे देण्यात आला. त्याच महिन्यात दोषारोपपत्र दाखल झाले. 10 फेब्रुवारी 2022 रोजी, तिच्या मृत्यूला बरोबर 2 वर्षे झाली त्या दिवशी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. आईबापांना 2 वर्षे फार मोठी. पण गुन्हा साक्षीपुराव्याने शाबीत झाला. कुणाविषयीचा राग तुम्हाला इन्साफपासून दूर नेऊ नये, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आहे. ती अशाच दिवसांसाठी असावी.

कायद्याने आता बरीच सोय केली आहे. 2013 पासून अत्याचाराची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि मुलीचा पाठलाग करणे हाच वेगळा गुन्हा आहे. मात्र ती अधिकारी येते मुलीचा शब्द घराबाहेर पडल्यावर. पहिली चौकशी घरातच होते. तिथे आपण काय विचारतो? तू त्या रस्त्याने का गेलीस? त्याच्याशी बोलली होतीस का? लोक काय म्हणतील? दोन-तीनदा असे ऐकले की मुलगी सांगणेच सोडून देते. मग शिक्षण बंद होते किंवा घाईघाईने निकाह उरकला जातो, आणि पाठलाग करणारा मोकळाच राहतो.

सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे वर्णन आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला त्या दिवशी विचारले जाईल की तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले. त्या प्रश्नाने मान खाली जाईल ती मारणाऱ्याची. आपल्या मुलींना आपण विचारू त्या प्रश्नांनी तरी त्यांची मान खाली जाऊ नये.